सात नंबरची गाडी कुठे आहे? रॅलीतल्या रेडिओची सोपी गोष्ट

रॅलीच्या व्हिडिओंमध्ये एक माणूस हमखास दिसतो. धुळीचा लोट उठवत गाडी वळणावरून सणकन निघून जाते आणि सगळे तिच्याकडे बघत असताना हा माणूस, टेपच्या पलीकडे एका खुर्चीवर बसलेला, मान खाली घालून मांडीवरच्या कागदावर काहीतरी लिहितो. मग हातातल्या वॉकीटॉकीत दोन शब्द बोलतो आणि पुन्हा गप्प बसतो. बघणाऱ्याला वाटतं, गाडीत एवढी इलेक्ट्रॉनिक यंत्रं, छतावर जीपीएसचा अँटेना, आणि नोंद मात्र पेन्सिलीने? हा माणूस अजून इथे करतोय काय?

तो एक साधं काम करतोय: न आलेल्या गाडीची वाट बघतोय. आलेल्या गाड्या तो लिहितो ते न आलेली गाडी ओळखता यावी म्हणून.

ट्रॅक आणि रॅली यांतला फरक

ट्रॅकवरच्या शर्यतीत सगळ्या गाड्या एकाच वाटोळ्या रस्त्यावर फिरतात. प्रत्येक वळणावर माणसं आणि कॅमेरे असतात. एखादी गाडी भिंतीला धडकली तर ते लगेच शंभर जणांना दिसतं.

रॅली वेगळी. इथे जंगलातला, डोंगरातला किंवा शेतांमधून जाणारा खराखुरा रस्ता काही तासांसाठी बंद करतात. अशा एका तुकड्याला ‘स्टेज’ म्हणतात. गाड्या एकत्र सुटत नाहीत. एक किंवा दोन मिनिटांच्या अंतराने एकेक सोडली जाते आणि प्रत्येकीची लढाई घड्याळाशी असते. आत चालक आणि त्याच्या शेजारी को-ड्रायव्हर, जो पुढचं वळण कसं आहे ते वहीतून वाचून सांगत असतो. वीस किलोमीटरची स्टेज, ताशी सरासरी शंभर किलोमीटर वेग. म्हणजे सुरुवातीची रेषा सोडल्यापासून शेवटच्या रेषेपर्यंत बारा मिनिटं. त्या बारा मिनिटांत बऱ्याच ठिकाणी गाडीकडे बघणारं चिटपाखरूही नसतं.

२ मे १९८६ रोजी फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावरच्या रॅलीत चालक हेन्री तोइव्होनेन आणि को-ड्रायव्हर सर्जिओ क्रेस्टो यांची लॅन्सिया गाडी एका डाव्या वळणावरून दरीत कोसळली. कठडा नव्हता. गाडीने पेट घेतला, ती जळून नुसता सांगाडा उरला आणि दोघेही गेले. ते त्या वेळी रॅलीत सर्वांत पुढे होते. तरीही गाडी नेमकी कशी घसरली हे जवळून पाहिलेलं कुणीच नव्हतं. रेडिओवरून लगेच कळलं असतं तर ते वाचले असते, असं मी म्हणणार नाही, कारण तशी आग कुणाला वाचवण्याची संधी देत नाही. पण जगातला आघाडीचा चालक भरदिवसा, शर्यत चालू असताना, साक्षीदाराविना नाहीसा होऊ शकतो, एवढं त्यातून कळतं. रॅलीचा रस्ता असाच असतो.

स्टेशन मास्तरांचा जुना उपाय

हा प्रश्न रेल्वेने फार आधी सोडवला. दोन स्टेशनांमधला रूळ कुणाच्या नजरेसमोर नसतो. मग आगगाडी सुरक्षित गेली हे कळणार कसं? मागच्या स्टेशनाने कळवायचं, ‘गाडी सोडली’. पुढच्याने कळवायचं, ‘गाडी पोचली’. पोचल्याचा निरोप आला नाही तर गाडी या दोन स्टेशनांच्या मधेच कुठेतरी आहे.

रॅलीतही हेच करतात. स्टेजच्या रस्त्यावर ठरावीक अंतराने ‘रेडिओ पॉइंट’ ठेवतात. आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा संघटना एफआयए हे अंतर साधारण पाच किलोमीटर सांगते. प्रत्येक ठिकाणी विजेच्या चिन्हाची पाटी असते, म्हणजे मदत मागायला कुठे थांबायचं हे गाडीतल्या माणसांनाही कळतं. सुरुवातीला एक नोंद, मग एकेका पॉइंटवर, मग शेवटी. हे सगळे एका केंद्राला कळवतात, त्याला ‘कंट्रोल’ म्हणू. कंट्रोलपाशी एक मोठा तक्ता असतो: आडव्या ओळीत गाड्यांचे नंबर आणि उभ्या रकान्यात पॉइंट. गाडी गेली की चौकट भरते.

त्या तक्त्यात बघायची असते ती रिकामी चौकट.

सात नंबरची गाडी

उदाहरण घेऊन बघू. गाड्या दोन-दोन मिनिटांनी सुटतायत. सात नंबर सुटली १०:१४ ला. शंभरच्या वेगाने पाच किलोमीटरला तीन मिनिटं लागतात, म्हणजे पहिल्या पॉइंटवर ती १०:१७ ला दिसली. दुसऱ्यावर १०:२० ला यायला हवी. आठ नंबर तिच्या मागून १०:१६ ला सुटलीय, ती तिथे १०:२२ ला येईल.

१०:२१ वाजले तरी सात आलेली नाही. कंट्रोल अजून घाबरत नाही. टायर पंक्चर झाला असेल, गाडी गोल फिरली असेल. पण तक्त्यावर बोट ठेवून बसलेला माणूस सावध झालाय. १०:२२ ला रेडिओ खरखरतो.

“कंट्रोल, पॉइंट दोन.”

“बोला, दोन.”

“आठ गेली. सात बेपत्ता.”

आता शंका संपली. आठने सातला कुठेतरी मागे टाकलंय आणि ती जागा पहिल्या आणि दुसऱ्या पॉइंटच्या मधे आहे. वीस किलोमीटरचं जंगल एका निरोपात पाच किलोमीटरच्या रस्त्यावर आलं. मधे पॉइंटच नसते तर सात आली नाही हे शेवटच्या रेषेवर, १०:२८ ला आठ पोचल्यावर कळलं असतं, आणि तेव्हाही ती वीसपैकी कोणत्या किलोमीटरला आहे याचा पत्ता नसता. रक्त वाहत असलेल्या माणसासाठी सहा मिनिटं थोडी नव्हेत. शिवाय एव्हाना नऊ आणि दहा नंबरच्या गाड्या त्याच रस्त्यावरून भरधाव निघाल्यायत, सात रस्त्याच्या मधोमध आडवी पडलेली असू शकते.

इथून निर्णय शर्यतीच्या मुख्य अधिकाऱ्याचा. तो पुढच्या गाड्या सोडणं थांबवू शकतो, रुग्णवाहिका आत पाठवू शकतो, किंवा रेडिओ पॉइंटवर लाल झेंडा दाखवायला सांगू शकतो. झेंडा दिसला की वेग लगेच उतरवायचा आणि स्टेज संपेपर्यंत तसाच ठेवायचा. पॉइंटवरच्या माणसाने मात्र स्वतःच्या मनाने झेंडा काढायचा नसतो. आदेश कंट्रोलकडून आला पाहिजे. आधी मला हे जरा सरकारी वाटलं होतं. पण एक पॉइंट झेंडा दाखवतोय आणि दुसरा नाही, कंट्रोलला दोन्हीचा पत्ता नाही, असा रस्ता डोळ्यांसमोर आणून बघा.

ओके की एसओएस

नाहीशी झालेली गाडी म्हणजे अपघातच असं नाही. बऱ्याचदा आतली दोघं रस्त्याकडेला दगडावर बसून इंजिनाला शिव्या घालत असतील. हा फरक दुरून कसा कळावा?

त्यासाठी प्रत्येक गाडीत एक फलक असतो. एका बाजूला हिरवं ‘ओके’, दुसऱ्या बाजूला लाल ‘एसओएस’. गाडी बंद पडली की गाडीच्या किमान पन्नास मीटर मागे लाल त्रिकोण ठेवायचा आणि मागून येणाऱ्यांना फलक दाखवायचा. ओके दिसलं तर मागचे निघून जातात आणि पुढे सांगतात. लाल दिसलं, किंवा मोठा अपघात झालाय, दोघं आतच आहेत आणि कुणीच काही दाखवत नाही, तर नियम कडक आहे: पहिल्या गाडीने थांबायचंच. तिच्या मागून आलेलीनेही थांबायचं, आणि त्यांतल्या एकीने पुढच्या रेडिओ पॉइंटपर्यंत जाऊन खबर द्यायची.

‘म्हणजे शर्यत हरायची?’ नाही. मदतीसाठी थांबलेल्यांना नंतर न्याय्य वेळ ठरवून दिली जाते. ही तरतूद नसती तर प्रत्येक चालकाच्या मनात एका क्षणाचा हिशेब झाला असता, आणि तो क्षण ताशी शंभरच्या वेगाने अठ्ठावीस मीटर पुढे नेतो.

एक वाट, बोलणारे दहा

वॉकीटॉकी हा फोन नव्हे. फोनवर दोघं एकाच वेळी बोलू शकतात. इथे बटण दाबलं की तुम्ही बोलता आणि त्या वेळी तुम्हाला काहीही ऐकू येत नाही. वाहिनी एकच, त्यावर दहा पॉइंट. दोघांनी एकदम बटण दाबलं तर एफएम पद्धतीच्या रेडिओवर एक गंमत होते. गंमत म्हणवत नाही खरं तर. दोन्ही आवाज मिसळत नाहीत, ज्याचा सिग्नल जोरदार तो दुसऱ्याला गिळतो. गिळला गेलेला माणूस मात्र आपण निरोप दिला अशा समजुतीत बसलेला असतो. म्हणून आधी ऐकायचं, मग बोलायचं, आणि कंट्रोलने निरोप परत म्हणून दाखवल्याशिवाय तो पोचला असं धरायचं नाही.

दुसरी अडचण बटणाची. माणूस घाईत बटण दाबता दाबताच बोलायला लागतो आणि पहिलं अक्षर जातं. किंवा वाक्य संपायच्या आधी बोट उचलतो आणि शेवटचा शब्द जातो. मराठीत हे जास्तच धोक्याचं, कारण आपला नकार वाक्याच्या शेपटीला असतो. ‘सात दिसली नाही’ यातला ‘नाही’ कापला गेला तर उरतं ‘सात दिसली’! वर पॉइंट दोनच्या तोंडी मी ‘बेपत्ता’ घातलं ते उगाच नाही.

आकड्यांचंही तसंच. ‘एकोणसाठ’चं डोकं उडालं की ‘साठ’ ऐकू येतं. एकोणसत्तर, एकोणऐंशी खरखरीत कसे वाटतील ते सांगायलाच नको. म्हणून रेडिओवर नंबर अंक सुटे करून सांगतात: पाच-नऊ. इंग्रजीतही ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’चा घोळ होतोच, तिथेही ‘वन-फाइव्ह’ म्हणतात.

मोठा अपघात झाला की कंट्रोल वाहिनी रिकामी करायला सांगतं. त्या वेळी बाकीच्या पॉइंटनी गाड्या कागदावर टिपत राहायच्या आणि विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. रेडिओवर गप्प बसणं हे शिकावं लागतं. बऱ्याच देशांत ही कामं हौशी रेडिओवाले, म्हणजे परवानाधारक हॅम मंडळी, विनामोबदला करतात. संकटकाळात निरोप पोचवण्याचा सराव त्यांना एरवीही लागतोच.

डोंगर मधे आला तर

रॅलीतले रेडिओ बहुधा व्हीएचएफ किंवा यूएचएफ या वारंवारतांच्या पट्ट्यांवर चालतात. या लहरी टॉर्चच्या उजेडासारख्या जवळपास सरळ जातात. डोंगराआड उजेड पडत नाही तसा त्यांचाही सावलीचा प्रदेश असतो. पृथ्वी गोल असल्यामुळे अगदी सपाट मैदानावरही मर्यादा आहे. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा आणि ४.१ ने गुणा, तेवढ्या किलोमीटरवर त्या अँटेनाचं रेडिओ-क्षितिज. एक मीटरला सुमारे चार किलोमीटर, चार मीटरला आठ, शंभर मीटरला एकेचाळीस. दोन टोकांची क्षितिजं मिळून एकूण पल्ला.

म्हणून वॉकीटॉकीची ताकद वाढवण्यापेक्षा अँटेना उंच नेणं शहाणपणाचं. टेकडीवर एक ‘रिपीटर’ ठेवतात. दरीतल्या पॉइंटचा आवाज तो एका वारंवारतेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारतेवर सगळीकडे सांगतो. टेकडीवर चढलेला गुराखी एका दरीतली हाक दुसऱ्या दरीत देतो तसं. टेकडी नसेल तिथे मोठ्या रॅलींमध्ये हेच काम घिरट्या घालणाऱ्या विमानाकडून करून घेतलं जातं. आणि काहीच नसेल तर मधल्या पॉइंटने ऐकून पुढे सांगायचं, हा जुना मार्ग आहेच. ओली झाडी लहरी शोषते, आणि यूएचएफला तिचा त्रास व्हीएचएफपेक्षा जास्त. काल कोरड्या जंगलात चाचणी चोख झाली आणि आज पावसात पॉइंट चार मुका, असं होऊ शकतं. म्हणून शर्यतीच्या दिवशी पहिली गाडी सुटण्याआधी प्रत्येक पॉइंटची हजेरी पुन्हा घेतात.

जीपीएस आहे ना, मग हे कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि यात एक गैरसमज दडलेला आहे. जीपीएस तुमची जागा कुणालाही कळवत नाही. सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरचे उपग्रह फक्त वेळ आणि स्वतःचा ठावठिकाणा सांगत फिरतात. गाडीतलं यंत्र ते ऐकून आपण कुठे आहोत ते स्वतःपुरतं ठरवतं. ते दुसऱ्याला सांगायला निरोप्या लागतो, आणि तो निरोप्या पुन्हा रेडिओच. मोबाईल नेटवर्क हाही रेडिओच आहे, पण स्टेज जिथे असते तिथे टॉवर क्वचित असतो, आणि असला तर हजारो प्रेक्षक एकदम व्हिडिओ पाठवत असतात.

‘मग गाडीच आपोआप रेडिओवर जागा पाठवत राहील असं करा.’ तसं करतातही. अमेरिकी हॅम बॉब ब्रुनिंगा यांनी उभी केलेली एपीआरएस ही पद्धत हेच करते. अडचण आहे वाहिनीच्या रुंदीची. तिचा नेहमीचा वेग सेकंदाला १२०० बिट. एक निरोप, सुरुवातीच्या खाकरण्यासकट, जवळपास एक सेकंद खातो. साठ गाड्यांनी दर दहा सेकंदांनी जागा कळवायची म्हटली तर दहा सेकंदांत साठ सेकंदांचं बोलणं बसवावं लागेल. सगळे एकमेकांवर आदळणार. त्यामुळे रॅलीसाठी बनवलेल्या यंत्रणा वेगवान असतात आणि एकाच मार्गावर विसंबत नाहीत. टास्मानियात जन्मलेली रॅलीसेफ ही त्यांतली प्रसिद्ध. गाडी स्टेजमध्ये थांबली की आतल्यांनी बटण दाबून ‘ओके’ सांगायचं. नाही सांगितलं, किंवा एसओएस दाबलं, की कंट्रोलला कळतं, आणि मागून येणाऱ्या गाडीच्या पडद्यावरही इशारा येतो. गाडी ते गाडी असा हा थेट निरोप मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण पुढच्या वळणामागे काय आहे ते कंट्रोलच्या आधी मागच्या चालकाला कळायला हवं.

मग कागदवाल्याला घरी पाठवा की

पाठवता येत नाही. कारणं तशी साधी आहेत. गाडी उलटली की छतावरचा अँटेना मातीत रुततो, आणि ट्रॅकर, म्हणजे जागा कळवणारं हे यंत्र, नेमका हवा असतो तेव्हाच त्याचा आवाज बसतो. पाण्यात तर रेडिओलहरी फार दूर जातच नाहीत. २०१५ च्या मेक्सिको रॅलीत ओट टॅनाक आणि रायगो मोल्डर यांची फोर्ड रस्ता सोडून तळ्यात गेली आणि पूर्ण बुडाली. दोघं पोहून बाहेर आले (गाडीही वर काढून, दुरुस्त करून पुढच्या दिवशी पळवली, पण तो वेगळा चमत्कार). तळाशी बसलेल्या ट्रॅकरकडून काय अपेक्षा करणार? त्याच टॅनाकची ह्युंदाई २०२० मध्ये माँटे कार्लो रॅलीत रस्त्यावरून उडून डोंगरउतारावर खाली गेली. तिथेही दोघं चालत बाहेर पडले. अशा वेळी रस्ता रिकामाच दिसतो. मागून येणाऱ्या चालकाला कळायला काही नसतं.

ट्रॅकर चुकीच्या हाकाही मारतो. रॅलीची गाडी उंचवट्यावरून हवेत उडते आणि दाणकन आपटते. यंत्राला तो अपघात वाटू शकतो. धक्क्याची मर्यादा खाली ठेवली तर उगाच धावपळ, वर ठेवली तर खरा अपघात निसटतो. मग पडद्यावर लाल ठिपका आला की कंट्रोल पहिली गोष्ट करतं ती म्हणजे जवळच्या पॉइंटवरच्या माणसाला विचारतं.

आणि मुळात गप्प झालेला ट्रॅकर म्हणजे मेलेली बॅटरी की मरणारा माणूस, हे ट्रॅकर सांगू शकत नाही. कागदावर मात्र बॅटरी मेलेल्या गाडीचीही चौकट भरते, आणि रिकामी राहिलेली चौकट कुणाला तरी उठून बघायला लावते. त्या माणसाचे डोळे आणखीही काही सांगतात: प्रेक्षक वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभे आहेत, रस्त्यावर गुरं आली आहेत, गेलेल्या गाडीच्या खालून तेल गळतंय. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या जिम क्लार्क रॅलीत गाडी रस्ता सोडून गेली आणि तीन प्रेक्षक मृत्युमुखी पडले. उभे राहणारे कुठे उभे आहेत हे कुठल्याही ट्रॅकरला दिसत नाही.

जिथे पॉइंट ठेवताच येत नाहीत

वाळवंटातल्या रॅलीत दर पाच किलोमीटरवर माणूस बसवणं अशक्य. जानेवारी १९८२ मध्ये पॅरिस–डाकार रॅलीत ब्रिटनच्या पंतप्रधानांचा मुलगा मार्क थॅचर आपल्या दोन साथीदारांसह सहाराच्या वाळूत हरवला. सहा दिवसांनी अल्जीरियाच्या लष्करी विमानाला तो सापडला, मार्गापासून बराच लांब. शोधायला विमानं होती. नव्हती ती पॉइंट एक आणि पॉइंट दोन सांगणारी माणसं.

आज डाकारच्या गाड्यांवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र असतं. १२ जानेवारी २०२० रोजी सौदी अरेबियात पोर्तुगीज मोटरसायकलस्वार पाउलो गोन्साल्वेस पडला. आयोजकांना इशारा मिळाला १०:०८ ला आणि वैद्यकीय हेलिकॉप्टर त्याच्यापाशी पोचलं १०:१६ ला. सहा दिवसांची आठ मिनिटं झाली होती. गोन्साल्वेस वाचला नाही. रेडिओ मदत लवकर आणतो, जखम हलकी करत नाही, हे या सगळ्या कौतुकात विसरायला नको.

शेवटची बेरीज

शेवटची गाडी गेली की स्टेज संपली असं प्रेक्षकांना वाटतं आणि ते निघतात. पॉइंटवरचा माणूस तिथेच असतो. मागून एक गाडी सावकाश येते, कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक बंद गाडीपाशी थांबते, आतली माणसं मोजते. कंट्रोल तिचे आकडे तक्त्याशी ताडून बघतं. अठ्ठावन्न सुटल्या, चौपन्न पोचल्या, तीन वाटेत बंद, तिन्ही ओके. चौपन्न आणि तीन सत्तावन्न.

“पॉइंट दोन, कंट्रोल.”

“बोला.”

“तुमच्या कागदावर चार-एक आहे का? शेवटी नोंद नाही.”

पानं उलटल्याचा आवाज.

“आहे. ११:३२. आणि तीनवर?”

“तीन म्हणतो, पाच-तीन आणि चार-एक जोडीने गेल्या, धुळीत एकच लिहिली. शेवटच्या रेषेला विचारतोय. थांबा.”

पाऊस सुरू झालेला असतो. पॉइंट दोन खुर्ची उघडीच ठेवतो.